घुम्याचा डाव

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या प्रत्येक कंपूत एक घुमा असतोच. ठरलेल्या वेळेच्या आधीच तो सोसायटीच्या गेटपाशी पोचलेला असतो, पण वर जात नाही. फोनमध्ये डोकं घालून उभा राहतो आणि आणखी कुणी आलं की त्याच्या मागोमाग जिना चढतो. एकट्याने बेल वाजवली तर दार उघडणाऱ्या काकूंशी बोलावं लागेल ना! आत आल्यावर खुर्ची कोपऱ्यातली. चहा घेणार? 'चालेल.' की कॉफी? 'चालेल.' दोन्ही नाही, सरबत केलंय. तेही चालतं.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात, आणि पात्राला एखादी गोष्ट जमली की फसली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी हा प्रकार १९७४ साली बाजारात आणला, तेव्हा पहिली छपाई हजार प्रतींची होती. ही मंडळी मूळची टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारी. नकाशे, तक्ते आणि नियमांत बुडालेली. माझ्या मते घुम्याचा या खेळावर पहिला हक्क आहे तो इथूनच. नाटकीपणाची हवा पुढे वाढली. २०१५पासून 'क्रिटिकल रोल' या वेबमालिकेत कसलेले व्हॉइस अ‍ॅक्टर हा खेळ कॅमेऱ्यासमोर खेळू लागले, आणि आपल्याकडच्या पोरांची समजूत झाली की घसा बसेपर्यंत आवाज काढले नाहीत तर खेळ झालाच नाही. घुम्यानेही ते एपिसोड पाहिलेले असतात. एकूण एक. म्हणूनच तो घाबरलेला असतो.

त्याची कॅरेक्टर शीट मात्र बघत राहावी. पेन्सिलीने, मुंगीच्या अक्षरात भरलेली. दोरी पन्नास फूट, मशाली दहा, दहा दिवसांचा शिधा. पात्राचं पूर्वचरित्र वेगळ्या कागदांवर, तेही त्याने डीएमला मध्यरात्री मेल केलेलं आणि खाली 'वेळ नसेल तर नाही वाचलं तरी चालेल' अशी तळटीप. आमच्या घुम्याचं पात्र म्हणजे चिलखत घातलेला, पोटापर्यंत दाढी आलेला एक ड्वार्फ क्लेरिक, म्हणजे बुटका पुजारी. पहिल्या दिवशी डीएमने नाव विचारलं तेव्हा घुम्याने ते इतकं हळू सांगितलं की डीएमला 'बाबू' ऐकू आलं. तेव्हापासून तो दाढीवाला योद्धा बाबू म्हणूनच ओळखला जातो. खरं नाव शीटवर आहे; पण दुरुस्ती करायची तर तोंड उघडावं लागतं.

घुमा असतो तिथे बोलघेवडाही असतो. तो बार्ड, म्हणजे भाटाचं पात्र घेतो आणि वेशीवरच्या पहारेकऱ्याशी अर्धा तास हुज्जत घालतो. वेस उघडीच आहे हे त्याला सांगायचं कुणी? घुम्याने ते वहीत कधीच टिपलेलं असतं. सराईवाल्याच्या मुलीचं नाव, उंदरांनी कुरतडलेला नकाशा, म्हातारीने जाता जाता दिलेला इशारा, सगळं त्या वहीत. कोण काय म्हणालं यावर वाद पेटला की तो वही हळूच टेबलाच्या मध्यापर्यंत सरकवतो आणि ओळीवर बोट ठेवतो. झालं, वाद संपला.

अशा माणसाला डीएम चांगला मिळाला तर निभावतं. आमचा डीएम सुरुवातीला म्हणायचा, 'बाबू, सरदाराला पटवायचंय ना? मग कर भाषण!' घुमा कानापर्यंत लाल. शेवटी एका मैत्रिणीने डीएमला झापलं. 'ह्या फायटरच्या ताकदीचा आकडा अठरा आहे, त्याला कधी सोफा उचलून दाखव म्हणालास का? मग बाबूच्या करिष्म्याची परीक्षा ह्याच्या घशावरून कशाला?' बरोबरच होतं. करिष्मा सोळा असेल तर फाशावर तीन मिळवायचे, एवढाच नियम. 'माझा क्लेरिक त्याला जुन्या तहाची आठवण करून देतो' असं तिऱ्हाइतासारखं सांगितलं तरी नियमपुस्तकाच्या लेखी ते खेळणंच. पण बाबूचा करिष्मा सोळा नव्हताच. आठ होता. घुमा स्वतःशी प्रामाणिक माणूस.

लढाईत त्याची कळा बदलते. तिथे प्रत्येकाने आधी फासा टाकायचा आणि आकड्यांप्रमाणे क्रम लावून घ्यायचा. बोलघेवडा कितीही फुरफुरला तरी घुम्याची वेळ आली की सगळ्यांना गप्प बसावं लागतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये हा नियम का नाही, कोण जाणे.

एका शनिवारी बुरुजात शिरलो तेव्हा समोर म्हातारा मांत्रिक. पहिल्याच फेरीत त्याने आगीचा गोळा टाकून निम्म्या पार्टीला लोळवलं. डीएम हात चोळत होता. बाबूची वेळ आली. घुम्याने शीट उलटी केली, एका ओळीवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाला, 'सायलेन्स.'

'काय?'

'सायलेन्स. त्याच्यावर.'

डीएमने पुस्तक उघडलं. वीस फूट त्रिज्येचं वर्तुळ. आत आवाज निघत नाही, आणि तोंडाने म्हणावे लागणारे मंत्र तिथे मुळी चालतच नाहीत. मांत्रिकाचे जवळजवळ सगळे मंत्र तसलेच. फासा टाकून सुटण्याची सोयही नाही. चालत वर्तुळाबाहेर पडायचं एवढंच हाती. डीएमचा चेहरा पडला, पण हार मानेल तर तो डीएम कसला! 'ठीक आहे,' तो म्हणाला. 'फायटर, रोग आणि बार्ड, तिघंही वर्तुळात आहात. आता टेबलावरही बोलायचं नाही. खुणा करा.'

बोलघेवडा उघड्या तोंडाने बसून राहिला. मग दोन्ही हातांनी त्याने हवेत जे काही काढलं ते मांत्रिक होतं की पातेलं, कुणालाच कळेना. फायटर मान हलवतोय, रोग, म्हणजे चोर झालेला गडी, बाकरवडीकडे बोट दाखवतोय. वर्तुळाबाहेर फक्त बाबू. म्हणजे बोलायची मुभा असलेला एकुलता एक माणूस तो, आणि सगळे त्याच्याकडे बघतायत.

घुम्याने घसा खाकरला. 'तो... जिन्याकडे सरकतोय. फायटरने त्याला धरावं. मारू नये, नुसतं धरून ठेवावं. बाहेर जाऊ देऊ नये.' एवढं सलग तो पूर्वी कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आतले ते ऐकू शकत नाहीत, असं म्हणायला डीएमने तोंड उघडलं आणि मैत्रिणीची नजर पाहून मिटलं. फायटरने मांत्रिकाला कवळ घातली. तेवढ्यात कोनाड्यातल्या पहारेकऱ्याचा बाण बाबूला लागला. आता एकाग्रता टिकली नाही तर शांतता मोडणार. फाशावर निदान दहा हवेत. घुम्याने फासा तळहातावर जरासा घोळवून सोडला. अकरा.

मांत्रिक पुढच्या दोन फेऱ्यांत एक शब्दही न बोलता मेला. बोलघेवडा ओरडला तो वर्तुळ उठल्यावर, आणि त्याची कसर त्याने खालच्या मजल्यावरच्यांना ऐकू जाईल अशी भरून काढली. घुमा वहीत काहीतरी लिहीत होता. बहुतेक किती बाण उरले ते.

तुमच्या टेबलावरही असा कुणी असेल. त्याला लांबलचक प्रश्न विचारू नका. 'दार उघडतोस की कान लावतोस?' एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत बाकीच्यांना चिवडा खायला लावा. आणि कृपा करून 'अरे बोल की, लाजतोस काय!' असं म्हणू नका. पुढची दोन सेशन्स तो फक्त 'चालेल' म्हणेल.