उगवणीचा अपमान

जालन्यात बियाण्याची इभ्रत एकाच गोष्टीवर ठरते : उगवण. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी काढली, तेव्हापासून गाव बियाण्यातच मुरलं. अशा गावचा माझा पुतण्या अमेरिकेत जाऊन घरच्या घरी बिअर करू लागला की घरात वाद होणारच.

पण वाद दारूवरून झाला नाही, सातूवरून झाला. बिअरला लागणारं माल्ट करायचं म्हणजे सातू भिजवायचे, मोड फुटू द्यायचे आणि फुटले की भट्टीत वाळवायचे. “उगवलेलं बी भाजतात?” दादांनी लेकाला व्हिडिओ कॉलवर विचारलं, तेव्हा त्यांच्या आवाजात दुबार पेरणीचं दुःख होतं.

पुतण्या म्हणाला, ते पाप माझं नाही. त्याच्याकडे माल्टचा अर्क तयार डब्यातून येतो, काकवीसारखा घट्ट. पण नुसत्या अर्काची बिअर त्याला सपक लागते. म्हणून 20 लिटरमागे अर्धा किलो खास दाणे घ्यायचे. काही ओले असतानाच भाजलेले, त्यामुळे आतल्या आत साखर झालेले. काही पार काळे होईतो भाजलेले. ते भरडायचे, पीठ करायचं नाही. पातळ फडक्यात पुरचुंडी बांधून 65 ते 70 अंशांच्या पाण्यात अर्धा तास सोडायची. रंग उतरतो, वास उतरतो, थोडी गोडी उतरते. पाणी फार तापलं तर मात्र टरफलाचा तुरटपणाही उतरतो, म्हणून हा गडी थर्मामीटर घेऊन शेगडीपाशी उभा! इथे असताना याच्या देखत दूध उतू जायचं. वहिनींना बिअरपेक्षा त्याच्या या थर्मामीटरचाच धक्का जास्त बसला.

अर्ध्या तासाने त्याने पुरचुंडी उचलून नुसती निथळत धरली. “अरे, पीळ की ती!” वहिनी इकडून ओरडल्या. पिळावी की नाही, यावर बिअर करणाऱ्यांतही दोन तट आहेत म्हणे. मी वहिनींच्या बाजूचा. चोथ्यात गोडी सोडणं मराठवाड्याला परवडत नाही.

अमेरिकेत 1978 च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन बिअर करायची मुभा दिली. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. विनापरवाना घरी बिअर करणं हा गुन्हा. तेव्हा हे वाचून कुणी पातेलं चढवू नये. चढवायचंच असेल तर रात्री शाळूचं पीठ ताकात कालवून ठेवा आणि सकाळी आंबील शिजवा. तिला परवाना लागत नाही, आणि चांगली खळखळून उकळी आली तरी चालते.