चारशे दोनच्या शिट्ट्या

अहो, ऐकलंत का? थांबा, एवढी चादर पिळून घेते. चारशे दोनच्या वहिनी तीन दिवस भिशीला नाहीत, भजनाला नाहीत, आणि परवा त्यांच्या कुकरच्या मी अकरा शिट्ट्या मोजल्या. अकरा! वरणाचं काय झालं असेल ते… जाऊ दे. मी आपली विरजण मागायच्या निमित्ताने गेले. तर बाई सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन 'वॉटर फॉर एलिफंट्स' वाचतायत. तीच हो, सारा ग्रूएनची, ज्यावर तो रॉबर्ट पॅटिन्सनचा पिक्चर आला होता.

तर काय सांगत होते… १९३१ सालची अमेरिका, मंदीचे दिवस, आगगाडीतून गावोगाव हिंडणारी सर्कस. त्यात तो जेकब, जनावरांच्या डॉक्टरकीची परीक्षा सोडून पळालेला. आणि घोड्यांचे खेळ करणारी मार्लीना. तिला नवरा आहे बरं! इथेच वहिनींच्या नणंदबाईंनी (डोंबिवलीच्या, चार दिवस आल्यात) नाक मुरडलं. "सर्कशीतल्या बायकांची लफडी वाचायची का आता, या वयात?"

वहिनी कसल्या खमक्या! उत्तरच दिलं नाही, हत्तिणीचं सांगत सुटल्या. रोझी नाव तिचं. खुंटा उपटते, लिंबू सरबत ढोसते, परत येऊन खुंटा होता तिथे रोवते नि मी नाही त्यातली म्हणून उभी! सगळे तिला मठ्ठ म्हणतात. शेवटी कळतं, पठ्ठीला फक्त पोलिश समजतं. आणि जेकब नेमका पोलिश घरातला! आमचा नातू उलटा, मराठीत हाक मारली की ढिम्म.

तेवढ्यात कॉटवरून वहिनींचे सासरे, अप्पा, बोलले. अप्पा! जे दिवसभर 'पाणी' याशिवाय शब्द काढत नाहीत. "सर्कशीतल्या बायका म्हणजे काय गं? विष्णुपंत छत्र्यांची बायको झोक्यावरची कामं करायची म्हणे."

"छत्रे म्हणजे… आपल्यातले?" नणंदबाई.

"आपल्यातलेच."

अहो, चेहरा असा उतरला, तळणीतून काढलेली पुरी बसावी तसा! १८८० सालची पंतांची ग्रेट इंडियन सर्कस हो, पहिला खेळ आपल्या मुंबईतच. पंत घोड्यावर, बाई झोक्यावर. काय नेसत असतील हो? नऊवारी म्हणावं तर उलटं लटकायचं कसं…

मग अप्पा थांबेचनात. कुरुंदवाडचे ना ते. पंत मुळात गाणं शिकलेले, ग्वाल्हेरच्या हद्दूखाँकडे. हद्दूखाँचा मुलगा रहिमतखाँ काशीत अफूच्या पायी रस्त्यावर आला होता. पंतांनी गुरूचा मुलगा म्हणून उचलून आणला, सांभाळला, सर्कशीबरोबर गायला बसवला. १९२२ मध्ये रहिमतखाँ गेले ते कुरुंदवाडातच. हे सांगताना अप्पांचा आवाज असा काही झाला की वहिनींनी पानात बोट घालून पुस्तक मिटलं. मी विरजण विसरले.

आणि आजचं ऐका. दहा वाजता वहिनी मला नवघर रोडला भेटल्या, मेथी निवडून घेत होत्या. घरी येते तर चारशे दोनच्या कुकरच्या शिट्ट्या चालूच… बारा, तेरा, चौदा!