अर्धं वाक्य

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी माझ्या हातात बरणी ठेवली. "बघ रे, हे घेऊ का?" झाकणावर आवळ्याचं चित्र, खाली दावा: पेशींचं वय उतरवतं, टेलोमेरेज वाढवतं. काकूंचं वय ६३, मधुमेह १२ वर्षांचा. बरणी मुलाने बंगळुरूहून पाठवलेली. मुलाची माया खरी. पण बरणीवरचं वाक्य अर्धं आहे, आणि त्या अर्ध्या वाक्याचा मला मनापासून राग येतो.

उरलेलं अर्धं वाक्य छापलेलं आहे, कुणालाही वाचता येतं. मणिपालच्या संशोधकांनी आमलकी रसायनाचा, म्हणजे आवळ्याच्या आयुर्वेदिक औषधाचा, अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ४५ ते ६० वर्षांची निरोगी माणसं घेतली. आधी त्यांची कोष्ठशुद्धी केली, म्हणजे पोट साफ केलं. मग काहींना रसायन दिलं, काहींना औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी. पहिल्या दिवशी, ४५व्या आणि ९०व्या दिवशी रक्त तपासलं. रसायन घेणाऱ्यांमध्ये टेलोमेरेजची क्रिया वाढलेली दिसली. टेलोमेअरच्या लांबीत मात्र लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. संशोधकांनी दोन्ही गोष्टी एकाच दमात लिहिल्या. बरणीवाल्याने पहिली उचलली, दुसरी सोडली.

टेलोमेअर म्हणजे गोधडीच्या काठाची शिवण समजा. गुणसूत्राच्या टोकाला ती असते आणि पेशी दुभंगली की दरवेळी थोडी उसवते. टेलोमेरेज हे ती शिवण पुन्हा घालणारं विकर. टेलोमेअर आणि टेलोमेरेज यांच्यावरच्या शोधांसाठी २००९ चं नोबेल मिळालं. शिंपी कामाला लागला, एवढं त्या अभ्यासात दिसलं. शिवण लांबली, असं दिसलं नाही. कदाचित उसवणं थांबेल, अशी आशा संशोधकांनी व्यक्त केली, आणि आशा म्हणूनच व्यक्त केली.

वाघोलीत राहणाऱ्या माणसाने तर यापुढचाही प्रश्न विचारायला हवा. आपल्याच गावात भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टचं केंद्र आहे. कर्करोगावर आयुर्वेद आणि आधुनिक उपचार यांची सांगड घालण्याचं काम तिथे १९९४ पासून चालू आहे. कर्करोगाच्या ८५ ते ९० टक्के गाठींमध्ये हेच टेलोमेरेज जागं झालेलं असतं. पेशी मरायचं विसरते ती याच्याच जोरावर. म्हणजे टेलोमेरेज वाढणं ही आपोआप चांगली बातमी होत नाही. कुठल्या पेशीत वाढलं, किती वाढलं, किती काळ टिकलं, हे कळल्याशिवाय त्याचं कौतुक करता येत नाही. यावरून आवळा घातक ठरतो, असं कृपा करून कुणी समजू नये. कार्तिकात आवळीखाली जेवणारी, मोरावळ्याची बरणी वर्षभर जपणारी माणसं आहोत आपण. माझं भांडण आवळ्याशी नाही.

भांडण आहे ते 'आपल्या ऋषींनी सांगितलंय' म्हणत केलेल्या विक्रीशी. ऋषींनी पुष्कळ सांगितलंय, तेही अर्धंच सांगितलं जातं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाचा. च्यवनप्राश त्यातलाच, ५०० आवळ्यांचा. पण त्याच अध्यायात रसायनाच्या आधी शरीरशुद्धी सांगितली आहे. सुश्रुत म्हणतो, मळलेल्या कापडाला रंग चढत नाही, तसं अशुद्ध शरीराला रसायन लागत नाही. तो असंही सांगतो की रसायन तरुणपणी किंवा मध्यम वयात घ्यावं. उतारवयात पाठवलेल्या बरणीबद्दल याहून स्पष्ट काय हवं? शिवाय चरकाचं आचार रसायन वेगळंच. खरं बोलणं, राग आवरणं, झोप आणि जागरण यांचा मेळ राखणं, दूध-तूप नेमाने घेणं. ते विकता येत नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्याच झाकणावर दिसत नाही. मणिपालच्या मंडळींनी कोष्ठशुद्धी वगळली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी ग्रंथाचाही मान राखला आणि प्रयोगशाळेचाही.

वय मोजायची हौस आपल्याकडे जुनी आहे. आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधराने दर दहा वर्षांनी काय ओसरतं याची यादीच दिली आहे: बाल्य, वाढ, कांती, मेधा, त्वचा, दृष्टी, असं करत जीवनापर्यंत. २०१३ मध्ये संशोधक स्टीव्ह हॉर्वाथ यांनी डीएनएवरच्या ३५३ जागांच्या खुणा वाचून वय सांगणारं घड्याळ मांडलं. दोघांनी मोजमाप दिलं. काटा मागे फिरवण्याचं वचन त्या यादीतही नव्हतं, त्या घड्याळातही नव्हतं.

अश्वगंधेचंही तेच, वाक्य अर्धं. ताण हलका होतो, झोप सुधारते, हे गोळीच्या डबीवर ठळक असतं. काही माणसांच्या यकृताला तिने इजा केल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली, हे डबीवर नसतं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये, हेही बहुतेक वेळा नसतं. जिममध्ये एकमेकांच्या शब्दावर ती घेणाऱ्या केसनंद फाट्यावरच्या पोरांना हे कुणी सांगायचं?

काकूंना मी बरणीची मागची बाजू वाचून दाखवली. घटकांत साखर होती, मधही होता. मग मणिपालच्या अभ्यासातल्या 'निरोगी' या शब्दावर बोट ठेवून सांगितलं, "काकू, ज्यांच्यावर तपासलं ते निरोगी होते आणि साठीच्या आतले. तुम्ही दोन्हीत बसत नाही." त्या थोड्या हिरमुसल्या. म्हणाल्या, "अरे, पण त्याने एवढ्या प्रेमाने पाठवलंय."

मंगळवारी त्या त्यांच्या नेहमीच्या वैद्यांकडे जाऊन आल्या. बरणी बरोबर नेली होती. वैद्यांनी ती बाजूला ठेवली आणि आधी तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट मागितला. मग झोप विचारली. नगर रस्त्यावरच्या ट्रकच्या आवाजाने रात्री दोनला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, हे काकूंनी तिथे पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. येताना त्यांनी मुलाला फोन करून खिडक्यांना जाड काचा बसवायला किती खर्च येतो, ते विचारलं.