प्रायोजक मालकांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री प्रायोजक मालक, मुक्काम अमेरिका, यांसी,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

१९९०च्या कायद्याने एच-१बी नामक जी सनद आपल्या हाती दिली, तिचे माहात्म्य आमच्याकडील वधूपित्यांस पूर्ण विदित असले, तरी तिचा खरा धनी कोण याविषयी त्यांच्या मनात एक गोड गैरसमज अद्यापि नांदतो. शिक्का जावयाच्या पासपोर्टावर उमटतो खरा. परंतु अर्जदार आपण, प्रचलित दराहून कमी वेतन देणार नाही असे मजूर खात्यास लिहून देणारे आपण, आणि ज्याच्या पदवीच्या बळावर हा सारा खटाटोप चालतो तो विद्वान केवळ अर्जाचा विषय!

वर्षास ६५,००० आणि अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० एवढ्याच जागा असल्यामुळे, म्हाडाच्या सदनिकांप्रमाणे विशेष विद्येचीही वर्षानुवर्षे सोडत निघत आली. (विद्यापीठे या मर्यादेबाहेर आहेत, पण तेथील पगार ऐकून वधूपिते विषय बदलतात.) सोडतीत उत्तीर्ण झालेल्यास प्रथम तीन आणि एकंदर सहा वर्षांची मुदत मिळते, आणि तेवढ्यात आपण कृपाळू होऊन कायम वास्तव्याचा अर्ज केलाच, तर कोणत्याही एका देशास सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही या न्यायाने आइसलंड व भारत एकाच मापाने मोजले जाऊन त्याची पाळी इतकी लांबते की, दरम्यान त्याची कन्या २१ वर्षांची होऊन पित्याच्या परवान्यातून बाहेर पडण्याचा संभव असतो.

या काळात तो दुसऱ्या मालकाकडे जाऊ शकत नाही असे नाही. फक्त त्या मालकाने नवा अर्ज दाखल केला पाहिजे. आणि आपणच त्यास बडतर्फ केलेत, तर फार तर साठ दिवसांची सवलत आहे, ज्यांत नवा प्रायोजक शोधावा किंवा घर विकून बोजा आवरावा. मुदतीपूर्वी काढल्यास मायदेशी परतण्याचे वाजवी भाडे आपण द्यावे, अशीही उदार तरतूद आहे. मात्र ते त्याचे एकट्याचे, कुटुंबाचे नव्हे.

२०२५च्या सप्टेंबरातील हुकुमाने परदेशातून नव्याने आणावयाच्या माणसामागे आपणांवर एक लक्ष डॉलरांचा भार पडला, हे ऐकून आम्हांस अतीव दुःख झाले. एवढ्या किमतीची वस्तू मालक सहजी टाकीत नाही, असा आमचा व्यवहारी तर्क आहे. तथापि कपातीची यादी हुजुरांसमोर आलीच, तर बरखास्तीची तारीख मुलांच्या शाळेची सुटी पाहून ठरवावी, म्हणजे साठ दिवस मोजावयास सोपे जाईल.

बहुत काय लिहिणे? लोभ असावा.

आपला आज्ञांकित,
एक सोडतविजेता