जावयाचा बंब

साताऱ्याच्या आमच्या घरी तांब्याचा बंब होता आणि तो पेटवण्याचा मान वयाच्या दहाव्या वर्षापासून माझ्याकडे. खाली दोन करवंट्या, वर मूठभर ढलप्या, गोवरीचा तुकडा, आणि मग फुंकणी घेऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत फुंकायचं. त्यामुळे व्हरमाँटला लेकीकडे गेल्यावर जावई म्हणाला, "बाबा, आम्हीही घर लाकडावरच तापवतो," तेव्हा मी बाह्या सरसावल्या. तिन्ही स्वेटरांच्या. बाहेर उणे 24 होतं.

तळघरात कपाटाएवढं लोखंडी धूड उभं होतं आणि शेजारी 2000 लिटरची टाकी. "हा आमचा बंब," लेक म्हणाली. मी फुंकायची जागा शोधू लागलो. ती नव्हतीच.

इथे आग उलटी चालते. लाकडं वरच्या कप्प्यात, ज्वाळा खाली. वर हवा बेताचीच, म्हणून लाकूड धड जळत नाही, त्याचा वायू होतो. पंखा तो वायू एका चिंचोळ्या फटीतून खाली नेतो, तिथे त्याला ताजी हवा मिळते आणि तो हजार अंशांच्या आसपास भडकतो. थोडक्यात, धूर जाळतात. आमच्या बंबाने जन्मभर आईच्या डोळ्यांत घातला तो धूर म्हणजे फुकट गेलेलं सरपण होतं, हे मला सत्तरीत कळलं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा आपल्याकडेही कोळशाच्या गॅसवर बस धावल्या होत्या. विद्या साधारण तीच, आमच्या न्हाणीघरापर्यंत तेवढी पोचली नाही.

अंगणात जाऊन धुराडं पाहिलं. जेमतेम पांढरी वाफ. साताऱ्यात बंबाच्या धुरावरून गल्लीला कळायचं, यांच्याकडे पाहुणे आलेत. इथे पाहुणा आल्याचा काही पुरावाच नाही.

आग मंद ठेवून लाकूड पुरवायचं, ही माझी हयातभराची शिकवण. इथे तीही चालेना. मंद केली की आत डांबर धरतं. म्हणून दिवसातून एक-दोनदा दणकून पेटवायची, टाकीतलं पाणी 85 अंशांपर्यंत न्यायचं आणि घराने ते दिवसभर पुरवून पुरवून वापरायचं. घरातून फिरून परत येणारं पाणीसुद्धा बॉयलरला साठेक अंशांचं लागतं, नाहीतर आत ओल धरते. बरोबरच आहे. एवढ्या थंडीत गार पाण्याची अंघोळ त्याने तरी का करावी?

एकदा मी हौसेने बर्फाखालची चार लाकडं उचलून आणली. जावयाने एक फोडलं, आतल्या अंगाला दोन सुयांचं यंत्र टोचलं. 34 टक्के ओल. वीसच्या वर प्रवेश नाही.

"अरे, सुक्याबरोबर ओलंही जळतं," मी म्हणालो.

"इथे ओल्याबरोबर सुकंही विझतं, बाबा."

एका रात्री वादळात वीज गेली. पंखा थांबला, पंप थांबला. मी पांघरूण फेकून उठलो. आमच्या बंबाला कधी वीज लागली नव्हती, हे ऐकवायची वेळ अखेर आली होती. वाक्य जुळवेपर्यंत जनरेटर सुरू झाला.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि मेपलचे, बीचचे ओंडके फोडायला घेतले. फोडणं जावयाचं, रचणं माझं. शेवटची रास थोडी कलली, पण उभी राहिली. जावयाने तिच्यावर खडूने साल लिहिलं. येत्या हिवाळ्याचं नव्हे, त्याच्या पुढल्या. लाकूड वाळायला तेवढं लागतंच. माझे सहा महिने मेमध्ये संपत होते.

मी खडू मागून घेतला आणि सालाखाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'येताना करवंट्या आणणे.'