एक मिलिमीटर आत

जुन्या स्पोर्ट्स कारचा मालक गाडी लावून सरळ निघून जात नाही. थोडं पुढे जाऊन थांबतो, मागे वळतो, किंचित वाकतो आणि एक डोळा मिटून बघतो. आपल्याला वाटतं, रंगावर ओरखडा शोधत असेल. ओरखड्यासाठी दोन्ही डोळे उघडे लागतात. एक डोळा मिटलेला माणूस मडगार्डची कड आणि टायरची बाजू एका रेषेत येतात का, ते बघत असतो. त्या येत नाहीत. टायर मडगार्डच्या आतच राहतं, थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखं.

ही पोकळी जगात फक्त मालकाला दिसते. आमच्याकडे पावसाळ्यात टायर आणि मडगार्ड यांच्यात जितकी जागा जास्त तितकं बरं, असं मानणाऱ्या गावात मी वाढलो, त्यामुळे हे दुःख मला फार उशिरा कळलं. कळवलं माझ्या मित्रानं. हा मूळचा पिंपरीचा, टूल-रूममध्ये घडलेला, आता श्टुटगार्टजवळ स्थायिक झालेला. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत. त्यात पिंपरीचा उल्लेख नाही, याचा त्याला राग आहे.) त्याच्याकडे १९८६ची पोर्शे ९४४ टर्बो आहे. पोर्शेचं मुख्य ठाणं श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात असलं, तरी ९४४ गाड्या बनल्या नेकार्सुल्मच्या आउडीच्या कारखान्यात. ९११ बाळगणारे लोक ही आठवण न विचारता करून देतात.

मित्राच्या गाडीला आधीच्या मालकानं १९८८च्या एका टर्बोची चाकं चढवलेली होती. दोन्ही गाड्या बाहेरून सारख्याच. चाकांचा व्यास सारखा, मागच्या रिमची रुंदी दोन्हीकडे ८ इंच. पाच भोकं, आणि ती १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर, हेही सारखं. तरी चाक आत गेलेलं. कारण १९८७च्या मॉडेलपासून ९४४ला एबीएस मिळू लागलं, त्याच सुमारास सस्पेन्शनची मांडणी बदलली, आणि कारखान्यानं बाहेरचा पत्रा तसाच ठेवून हब सरकवला. मग चाकानंही त्या हिशेबानं जागा बदलली.

ही जागा रिमच्या पाठीमागे कोरलेली असते, ईटी आणि पुढे एक आकडा. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य धरायचा. हबला टेकणारी बाजू त्या मध्यापासून जितकी बाहेरच्या अंगाला, तितका तो आकडा. आकडा मोठा झाला की चाक गाडीच्या पोटात शिरतं, लहान झाला की रस्त्याकडे येतं. १९८६च्या मागच्या चाकाचा ईटी २३.३, नंतरच्याचा ५२.३. वजाबाकी २९ मिलिमीटर. या २९ मिलिमीटरांनी माझ्या मित्राची झोप उडवली होती. वहिनी म्हणतात, घराचं कर्ज काढलं तेव्हा तो निवांत घोरत होता.

रुंद चाकाची ही हाव कारखान्यानंच लावली, असं माझं मत आहे. १९६७च्या ९११ एस गाडीला माइनर्त्सहागेनच्या फुक्स कंपनीनं घडाई करून बनवलेलं पाच पाकळ्यांचं अ‍ॅल्युमिनियमचं चाक आलं. ते आजही पोर्शेची ओळख आहे. त्याची रुंदी होती फक्त साडेचार इंच. १९७३च्या कॅरेरा आरएसला मागे ७ इंच, १९८०च्या दशकात ९११ टर्बोला मागे ९ इंच. फरक इतकाच की कारखाना रिम रुंद करायचा तेव्हा मडगार्डही फुगवायचा. मालकाच्या हातात पत्रा नसतो. त्याच्या हातात स्पेसर असतो.

स्पेसर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची एक चकती, हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची. गाडीला लावता येणाऱ्या साऱ्या सुट्या भागांत हा सर्वांत निरिच्छ भाग असावा. तो फिरतो, पण स्वतः काही करत नाही. इतका साधा असूनही तो माणसाला भरपूर अभ्यास करायला लावतो. मधलं भोक हबच्या कडेवर नेमकं बसलं पाहिजे, पोर्शेला ७१.६ मिलिमीटर, नाहीतर चाक थरथरतं. पातळ चकती घातली तर नटाला धरायला स्टडचे आटे कमी पडतात. १४ मिलिमीटरच्या स्टडवर निदान तितकीच लांबी नटात जायला हवी, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आट्यांचे नऊएक वेढे. त्यासाठी लांब स्टड ठोकून घ्यायचे, किंवा वीसेक मिलिमीटरपेक्षा जाड, स्वतःचेच स्टड असलेला स्पेसर आणायचा. तो आधी हबला पाच नटांनी आवळायचा, मग त्याच्यावर चाक आणखी पाच नटांनी.

मित्रानं दुसरा मार्ग घेतला. आता त्याच्या गाडीला चाळीस नट आहेत आणि त्यांतले वीस कुणाला दिसत नाहीत. न दिसणाऱ्या वीसांवर त्याचा विश्वास नाही. सगळे १३० न्यूटन-मीटरला, एकाआड एक धरून, टॉर्क पान्यानं आवळायचे आणि थोडं अंतर चालवून पुन्हा तपासायचे, असा नियम आहे. आतले तपासायचे तर चारही चाकं काढावी लागतात. त्याचे रविवार कुठे जातात, हे आम्हाला असं समजलं.

वहिनींनी एकदा सरळ विचारलं, "यानं गाडी जोरात पळते?"

"नाही."

"पेट्रोल कमी खाते?"

"नाही. उलट वजन थोडं वाढतं."

"मग?"

"मागून बघ."

वहिनींनी मागून बघितलं. "भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "तुम्हाला काही दिसलं का?" मी पोकळीकडे बघत राहिलो. मित्रासमोर 'नाही' म्हणणं जिवावर आलं.

खरं तर स्पेसरबद्दल सावध राहावं अशी कारणं आहेत. चाक बाहेर सरकलं की हबच्या बेअरिंगवरचा तरफेचा भार वाढतो. पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात, त्यापासून टायर जमिनीला टेकण्याची जागा दूर जाते, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला हिसका देतो. पण हे सगळं कारखान्यानं ठरवलेल्या जागेच्या बाहेर गेलात तर. मित्राचा दावा असा की तो बाहेर जातच नाही, आत गेलेलं चाक मूळ जागी आणतो. हा दावा मला पटतो. जुन्या गाड्यांच्या दुनियेत आधीच्या मालकाचं निस्तरणं हेच निम्मं काम असतं. शिवाय खुद्द पोर्शेनंही ९११ टर्बोवर स्पेसर लावून गाड्या विकल्या आहेत, हे तो प्रत्येक पाहुण्याला चहाआधी सांगतो.

चाचणीला मला बोलावलं. वजन म्हणून. मागचे स्प्रिंग पूर्ण दबले की टायर मडगार्डला घासतं का, हे बघायचं होतं. ९४४ची मागची सीट ही सीट आहे हे कागदपत्रांवरूनच कळतं. गुडघे हनुवटीपाशी, डोकं मागच्या उतरत्या काचेला. माझ्या शेजारी तांदळाच्या गोण्या ठेवल्या होत्या, आणि त्या माझ्यापेक्षा आरामात होत्या. मित्रानं मडगार्डच्या आतल्या ओठाला खडू फासला. घासलं तर खडू टायरवर उमटतो. मग गाडी रस्त्यातल्या उंचवट्यांवरून नेली. प्रत्येक उंचवट्याला तो पुढून ओरडायचा, "काही ऐकू आलं?" मला माझंच कण्हणं ऐकू येत होतं. परत येऊन त्यानं टायर बघितले. कोरे. मडगार्डवरून ओळंबा सोडला, पट्टी लावली, व्हर्नियर काढला. गवंड्याचा ओळंबा आणि टूल-रूमचा व्हर्नियर एकाच कामाला लागलेले मी आधी कधी पाहिले नव्हते.

मग आली तपासणी. जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते, आणि स्पेसर लावला तर त्याचं प्रमाणपत्र दाखवून तो मंजूर करून घ्यावा लागतो. चाकाच्या मध्यातून उभी रेघ धरून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश, एवढ्या भागात टायर मडगार्डनं झाकलेलं असलं पाहिजे, असा नियम आहे. त्यातून ही गाडी तीस वर्षांवरची, तिच्या नंबरामागे ऐतिहासिक वाहनाचा 'एच'. तो असला की कर वर्षाला सुमारे १९१ युरो ठरलेला. पण बदल असतील तर ते त्या काळाला शोभणारे हवेत. थोडक्यात, अ‍ॅल्युमिनियमची चकती तुमच्या तरुणपणी शोभली असती का, हे सरकारला पटवून द्यायचं. मित्रानं बांधलेली फाइल स्पेसरपेक्षा जाड होती.

तपासनीस चाकापाशी उकिडवा बसला. कोन बघितले, नट बघितले, फाइल चाळली. उठून गाडीच्या मागे गेला, थोडा वाकला आणि त्यानं एक डोळा मिटला. मित्रानं माझा दंड इतका घट्ट धरला की तो १३० न्यूटन-मीटर असावा. शिक्का मिळाला.

संध्याकाळी वहिनींनी शिरा केला. मित्र कागद वाचत बसला होता. नोंद होती २८ मिलिमीटरच्या स्पेसरची, कारण बाजारात २८चा मिळाला, २९चा नाही. त्यानं पाकिटाच्या मागे वजाबाकी केली, ५२.३ उणे २८.

"२४.३," तो म्हणाला. "मूळ २३.३ होतं. चाक अजून एक मिलिमीटर आत आहे."

"टायरमध्ये हवा जास्त भर," वहिनी म्हणाल्या.

त्यानं ते थट्टा म्हणून घेतलं नाही. थोडा वेळ छताकडे बघून म्हणाला, "हवेनं नाही होणार. पण मागे २२५ ऐवजी २३५ रुंदीचे टायर घेतले, तर दर बाजूला पाच मिलिमीटर मिळतात."

"म्हणजे झालं ना."

"झालं कसं? मग चार मिलिमीटर बाहेर जाणार." त्यानं पाकीट उलटं केलं. "स्पेसर २४चा लागेल. आणि त्याचं प्रमाणपत्र वेगळं."