एक जनरेटर, बारा पिना

अभिनंदन! जनरेटर घरी आला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, सुपारीच्या झाडांशेजारी विजेचे खांबही आडवे झाले आणि कित्येक गावांनी पुढचे कितीतरी आठवडे मेणबत्तीवर काढले. तेव्हापासून आमच्या वाडीत मे संपत आला की दोन कामं होतात: घर शाकारायचं आणि जनरेटरची रस्सी ओढून बघायची. तुम्ही नवशिके आहात, घाबरू नका. आम्हीही नवशिकेच होतो. तेव्हाचा तो जनरेटर आता नाही, एवढंच.

१. हिशेब करत बसू नका. खोक्यावर २.१ केव्हीए लिहिलंय ना? मग २१०० वॉट आपलेच. ०.८ च्या पॉवर फॅक्टरने गुणलं की ते १६८० वर येतात; पण भर पावसात, तेही अंधारात, गुणाकार कोण करतो?

२. आधी पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज सगळं लावून घ्या आणि शेवटी विहिरीची मोटर मारा. एक एचपीची मोटर चालताना हजारभर वॉट घेते, पण उठताना क्षणभर त्याच्या तिप्पट-चौपट मागते. बल्ब तांबूस होतो, पंखा विचारात पडतो, जनरेटर घशातून काहीतरी बोलतो. जाणकार याला ‘मशीन लोड घेतंय’ म्हणतात. मोटर आधी एकटी चालवायची, टाकी भरली की बंद करायची आणि मगच फ्रिज लावायचा, असं करणारी माणसंही असतात. त्यांचं मशीन वर्षानुवर्षं टिकतं. पण त्यांच्या ओटीवर चार माणसं बसलेली कधी बघितलीत?

३. आता खरा लोड. तो वॉटमध्ये मोजत नाहीत, नात्यात मोजतात. दुसऱ्या संध्याकाळी शेजारच्या काकू गडग्यापलीकडून हाक मारतील, “अरे, तेवढा एक बल्ब लावते हं. नऊ वॉटचा तर आहे.” नाही म्हणू नका. नऊ वॉटला नाही म्हणणारा माणूस उद्या वाडीत राहणार कसा? वायर गडग्यावरून, आंब्याच्या फांदीवरून पलीकडे जाईल. अर्ध्या तासाने जनरेटर कण्हायला लागला की वायरचा माग काढत जा.

काकू खोटं बोललेल्या नसतात. स्वयंपाकघरात बल्ब आहे. बल्बच्या होल्डरात दोन पिनांचा अडॅप्टर आहे, अडॅप्टरला बोर्ड आहे आणि बोर्डावर साडेसातशे वॉटचा मिक्सर ओलं खोबरं वाटतोय. लाइट नाही म्हणून फ्रिज बंद, फ्रिज बंद म्हणून कोलंबी आजच संपवायची, आणि कोलंबी म्हटली की वाटण आलंच. यात तुम्हाला एक तरी चूक काढता येते का? मलाही आली नव्हती. वाटीभर कालवण घेऊन मी परत आलो. येताना गुंडाळीतली उरलेली वायर हाताला कोमट लागली, तेव्हा वाटण बारीक होत असणार, असं समजलो.

काकूंना दिली म्हणून समोरच्यांना द्यावी लागते. समोरच्यांना दिली म्हणून ज्यांच्याशी बोलणं नाही त्यांनाही द्यावी लागते, नाहीतर कारण विचारतात.

४. मशीनवरचा खटका सारखा पडत असेल तर त्यावर चिकटपट्टी मारा. किटकॅटमधला फ्यूज उडत असेल तर तांब्याची जाड तार घाला. मग फ्यूज उडत नाही, दुसरंच काहीतरी उडतं.

५. मशीन भिजू नये म्हणून पडवीत ठेवा, आणि आवाज नको म्हणून खिडक्या लावून घ्या. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, त्यामुळे पाहुणा आल्याचं कळतसुद्धा नाही. घरच्यांची डोकी दुखू लागली तर आवाजानेच दुखताहेत, असं ठरवा. काही भित्री माणसं मशीन वीस-पंचवीस फूट लांब, खळ्याच्या पलीकडे, वर पत्रा टाकून ठेवतात आणि रात्रभर दूरचा धडधडाट सहन करतात. सकाळी उठतात मात्र.

पेट्रोल संपलं तर मशीन चालू असतानाच ओता. टाकी इंजिनाच्या वरच असते, सांडलेलं बरोबर गरम जागी जातं.

६. पदवीधर झालात की दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बनवा. एक टोक जनरेटरात, दुसरं घरच्या सॉकेटात; एका झटक्यात सगळं घर उजळतं. चेंजओव्हर स्विचचा खर्च वाचतो. मेन स्विच पाडायला विसरलात की तुमची वीज डीपीकडे चालू लागते. ट्रान्सफॉर्मरला सुलट-उलट कळत नाही. तो २३० चे ११ हजार व्होल्ट करून तारेवर चढवू शकतो. त्या तारेला हात घालणारा वायरमन तोच, ज्याची तुम्ही तीन आठवडे वाट बघताय.

आमच्याकडचा वायरमन आता शहाणा झालाय. खांबाला शिडी लावायच्या आधी तो खाली उभा राहून ओरडतो, “जनरेटर कुणाचा चालूय? आधी बंद करा!” बारा घरांतून बारा बोटं माझ्या पडवीकडे वळतात. प्रत्येकाचा फक्त एक बल्ब असतो. मी खटक्यावरची चिकटपट्टी नखाने सोडवत असतो, तेवढ्यात गडग्यापलीकडून काकूंचा आवाज येतो, “थांब रे बाळा दोन मिनिटं, एवढं वाटण होऊ दे.”